माहुलीचा काळा झेंडा : स्मारकाचा जुना फोटो घरात सापडला तर काय करावे

साताऱ्याच्या यादोगोपाळ पेठेत माझ्या मित्राच्या आत्या राहतात. मागच्या दिवाळीला माळा आवरताना त्यांना पत्र्याच्या ट्रंकेत पुठ्ठ्यावर डकवलेला एक फोटो सापडला. संगम माहुलीचा घाट, वर विश्वेश्वराचे देऊळ, पायऱ्यांवर पाच-सहा माणसे आणि देवळालगत उंच काठीवर काळेकुट्ट निशाण.

"सत्तावन सालचा आहे बघ," आत्या म्हणाल्या. "गेंडामाळावर सतरा जणांना मारलं, तेव्हा माहुलीला काळा झेंडा लावला होता. आमचे आजोबा सांगायचे."

सतरा जणांची गोष्ट खरी आहे. रंगो बापूजी गुप्ते यांच्या उठावाच्या कटातल्या सतरा जणांना ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्यात गेंडामाळावर मारले; काहींना फाशी, काहींना तोफेच्या तोंडी, काहींना गोळ्या घालून. झेंड्याची गोष्ट मात्र मला खटकली. मी बावीस वर्षे एका स्टुडिओची डार्करूम सांभाळली आहे आणि फोटोतला काळा रंग कसा तयार होतो हे हाताने शिकलो आहे. त्या एका फोटोवर जे जे केले ते क्रमाने लिहितो. तुमच्याकडे प्रतापगडाचा, मेणवलीच्या घाटाचा, सांगलीच्या गणपतीचा किंवा मिरजेच्या दर्ग्याचा जुना फोटो असेल, तर हीच वाट धरता येईल.

१. आधी काही करू नका

पुसू नका, चिकटपट्टी लावू नका, पुठ्ठ्यावरून सोडवू नका. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढण्याचा पराक्रम मी उमेदीच्या काळात केला होता. गिऱ्हाइकाच्या आजोबांचा अर्धा फेटा काचेवरच राहिला. तेव्हापासून चिकटलेला फोटो मी काचेसकट ठेवतो आणि काचेसकटच कॉपी करतो.

हात धुऊन कोरडे करा, फोटो कडेने धरा. काचेची निगेटिव्ह असेल तर दोन्ही हातांनी, आणि खाली मऊ कापड हवेच. मग पुढची बाजू, पाठ आणि पुठ्ठ्याच्या कडा यांचे मोबाइलवर फोटो घ्या. पाठ विसरू नका. निम्मी माहिती तिथे असते आणि फ्रेम करणारे नेमकी तीच झाकून टाकतात.

२. कागद ओळखा

घड्याळजीकडे किंवा सोनाराकडे असते तसे दहा पट मोठे दाखवणारे भिंग घ्या. खिडकीपाशी बसून आधी एकच बघा: चित्र ठिपक्यांचे आहे का? सारख्या अंतरावरचे बारीक ठिपके दिसले तर तो फोटो नाही, छापखान्यात निघालेली प्रत आहे. मासिकातून किंवा पुस्तकातून कापलेली. कित्येक घरांत अशी कात्रणे पिढ्यान्‌पिढ्या 'अस्सल फोटो' म्हणून जपलेली आहेत. ती टाकू नका, पण वहीत 'छापील' अशी नोंद करा.

ठिपके नसतील तर कागदाचे तंतू दिसतात का बघा. अंड्याच्या पांढऱ्यावर चांदीचे क्षार चढवून केलेल्या अल्ब्युमिन कागदावर तंतू स्पष्ट दिसतात. कागद अगदी पातळ असतो, म्हणून तो जवळजवळ नेहमी पुठ्ठ्यावर डकवलेला सापडतो. उजळ भाग पिवळट पडलेले, गडद भाग तपकिरी-जांभळट आणि पृष्ठभागावर केसासारख्या भेगा. हा कागद १८५० मध्ये आला आणि १८९० च्या दशकात मागे पडला. तंतू झाकले गेले असतील, पृष्ठभाग गुळगुळीत असेल आणि तिरप्या उजेडात गडद कडांवर चंदेरी झाक मारत असेल, तर तो जिलेटिनचा कागद. म्हणजे बहुतेक १८८० च्या दशकानंतरचा. तपकिरी दिसला की अल्ब्युमिन असे समजू नका. सुरुवातीच्या जिलेटिन कागदांतही तपकिरी छटा असायची. निवाडा तंतूंवर.

आत्यांचा फोटो अल्ब्युमिनचा निघाला. त्या खूश झाल्या, कारण एवढ्यावरून १८५७ शक्य वाटत होते. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये सुरू झाली होती आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी त्याच दशकात तिथे फोटो काढत होते. कॅमेरा घाट चढून साताऱ्याला आला असेल, तर अशक्य काही नव्हते.

३. तारीख दोन बाजूंनी आवळा

एकदम साल ठरवायला जाऊ नका. 'याच्या आधीचा असू शकत नाही' आणि 'याच्या नंतरचा असू शकत नाही' अशा दोन भिंती उभ्या करा आणि मग त्या जवळ आणा.

अगदी मागची भिंत सर्वांना एकच. फोटो काढण्याची दागेरची कृती पॅरिसमध्ये १९ ऑगस्ट १८३९ रोजी जाहीर झाली. पुढच्याच महिन्यात इंग्रजांनी साताऱ्यात प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढले. त्यामुळे प्रतापसिंहांच्या दरबाराचा 'फोटो' कोणी दाखवला तर तो चित्रावरून घेतलेला आहे, एवढे चहा घेता घेता सांगता येते.

आपल्या भागात कामी येणाऱ्या खुणा अशा. सांगलीच्या घाटाच्या फोटोत आयर्विन पूल दिसला तर १९२९ नंतरचा. प्रतापगडावर शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा असेल तर १९५७ नंतरचा. अजिंक्यताऱ्यावर टीव्हीचा मनोरा दिसला तर फार लांब जायला नको. पाठीवर 'दक्षिण सातारा' लिहिलेले असेल तर सोन्याहून पिवळे: तो जिल्हा १९४९ मध्ये झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले, म्हणजे अकरा-बारा वर्षांची खिडकी हातात आली. किंमत आण्यांत असेल तर १९५७ च्या दशमान नाण्यांआधीची असण्याचा संभव जास्त. लोक पुढेही काही वर्षे आण्यांतच बोलत होते. पोस्टकार्ड असेल तर तिकिटावरचा राजा बघा: व्हिक्टोरिया १९०१ पर्यंत, एडवर्ड १९१० पर्यंत, पाचवा जॉर्ज १९३६ पर्यंत. कार्डाच्या पाठीला पत्ता आणि मजकूर वेगळे करणारी उभी रेघ नसेल, तर ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातले किंवा त्याआधीचे.

आत्यांच्या फोटोत पूल नाही, तिकीट नाही, किंमत नाही. पुठ्ठा मात्र बोलका होता. आकार साधारण ११ × १६.५ सेंटिमीटर, जाड, कडेला सोनेरी मुलामा. याला कॅबिनेट कार्ड म्हणत आणि ती पद्धत १८६६ च्या सुमारास सुरू झाली. पाठीवरचा स्टुडिओचा छाप फाटला होता, 'पूना' एवढेच उरले होते. १८५७ इथेच डळमळले. तरी आत्या म्हणाल्या, "पुठ्ठा नंतर लावला असेल." मुद्दा बिनतोड होता. जुन्या निगेटिव्हची नवी प्रत निघतेच.

मग मी निशाणाकडे नीट बघितले. ते वाऱ्यावर पसरले होते आणि त्याची कड स्वच्छ होती. पायरीवरचा एक माणूस डोक्यावर तांब्या ओततो आहे आणि पाण्याची धारसुद्धा दिसते. सत्तावन सालच्या सुमारास निगेटिव्हसाठी कोलोडियन नावाचे चिकट रसायन चढवलेली ओली काच वापरत, आणि तिला उघड्यावर बहुधा काही सेकंद लागत. तेवढ्या वेळात फडकते कापड धुरासारखे पसरते आणि पाण्याचा कापूस होतो. फडकते निशाण गोठवायला कोरडी जिलेटिनची काच लागते, आणि ती बाजारात रुळली १८८० च्या सुमारास. निगेटिव्ह १८८० नंतरची, प्रत १८९० च्या दशकाच्या पलीकडे फारशी जात नाही. वीस वर्षांची खिडकी. सत्तावन गेले.

४. रंगाला फसू नका

पण मग काळा झेंडा? सगळ्यांत जास्त वेळ मी इथे घालवला, तुम्हीही घालवा. स्मारकांच्या जुन्या फोटोंवरून जेवढे वाद होतात त्यांतले निम्मे झेंड्याच्या रंगावरून असतात.

त्या काळातली काच निळा उजेड तेवढा ओळखायची. तांबडा, केशरी, पिवळा तिला जवळजवळ दिसतच नसे. म्हणून जुन्या फोटोंत आकाश कोरे पांढरे येते, अष्टगंध लावलेले कपाळ काळवंडते, निळे लुगडे पांढरट दिसते. आणि भगवे निशाण? काळे. हिरवेही गडदच येते, निळे मात्र फिके. म्हणजे अशा फोटोतले काळे निशाण भगवे असू शकते, लाल असू शकते, हिरवे असू शकते आणि खरोखर काळेही असू शकते. १८७३ मध्ये फोगेल या जर्मन रसायनतज्ज्ञाने काचेवर रंगद्रव्य चढवून तिला हिरवा-पिवळा दाखवायची युक्ती शोधली. तांबड्यासकट सगळे रंग पकडणाऱ्या काचा विसाव्या शतकात आल्या आणि आपल्याकडच्या स्टुडिओंत त्यानंतर बऱ्याच उशिरा.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, प्रयोग करा. एखाद्या देवळावरच्या भगव्या झेंड्याचा निळ्या आकाशासमोर मोबाइलवर फोटो काढा. कोणत्याही बऱ्या एडिटिंग ॲपमध्ये तो कृष्णधवल करा आणि लाल व हिरवा शून्यावर आणून फक्त निळा ठेवा. आकाश पांढरे होईल आणि झेंडा कोळशासारखा. आत्यांना मी त्यांच्याच गच्चीवरून काढलेल्या झेंड्यावर हे करून दाखवले. त्या बराच वेळ मोबाइलकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आजोबांनी फोटो बघूनच गोष्ट रचली की काय?" तसे असेलही. फोटोतून आठवण तयार होते आणि दोन पिढ्यांनी ती फोटोच्या आधीची वाटू लागते.

इथेच दुसरी तंबी. ॲपकडून फोटो रंगवून घेऊ नका, आणि घेतलाच तर त्याची प्रत मूळ म्हणून कुणाला पाठवू नका. यंत्र अंदाजाने रंग भरते, मग गटागटांत कोणी त्याला पुरावा म्हणते, कोणी खोडसाळपणा. आकाशातल्या ढगांचेही तसेच. जुन्या काचेवर आकाश कोरे यायचे, म्हणून प्रत काढताना दुसऱ्या निगेटिव्हमधले ढग जोडण्याची रीत होती. सावल्या एकीकडच्या आणि ढगांवरचा उजेड दुसरीकडचा असेल, तर ढग उसने आहेत.

५. कॅमेरा उभा होता तिथे उभे राहा

फोटोची छापील प्रत घेऊन जागेवर जा. मोबाइलच्या पडद्यावर उन्हात काही दिसत नाही. जवळची एक कड आणि लांबची एक कड निवडा, समजा घाटाचा कोपरा आणि मागचे शिखर. फोटोत ती एकमेकींशी जशी जुळतात तशी डोळ्यांपुढे जुळेपर्यंत डावी-उजवीकडे सरका. तशाच आणखी दोन खुणा जुळल्या की जागा सापडली. मोबाइलची मुख्य लेन्स फार रुंद बघते, म्हणून जवळ जाऊन जमवायला जाऊ नका. जागा ठरल्यावर झूम करा.

एकच गोष्ट आधी तपासा: फोटो उलटा तर छापलेला नाही ना? काचेची निगेटिव्ह पालथी पडली की डावे-उजवे बदलते. पाटीवरची अक्षरे असली तर प्रश्नच नाही. नसतील तर जानवे डाव्या खांद्यावर आहे का, तलवार कोणत्या हातात आहे, हे बघा. गणपतीची सोंड बघून मात्र ठरवू नका, उजव्या सोंडेचेही गणपती असतात.

सावल्याही मोजा. सातारा सुमारे १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंतचे दिवस सोडले तर भर दुपारी सूर्य दक्षिणेला असतो. ते वगळलेले दिवस बहुतेक पावसाचेच, तेव्हा काचा आणि रसायने घेऊन कोण फिरणार? आमचा फोटो पलीकडच्या काठावरून, क्षेत्र माहुलीच्या बाजूने घेतलेला निघाला. घाटावर समोरून ऊन आहे, म्हणजे सकाळ. नदी आटलेली नाही आणि चढलेलीही नाही. मी मार्गशीर्षात तिथे उभा राहिलो तर पाण्याची रेघ फोटोतल्यासारखीच होती. तारखेचा पुरावा म्हणून याला किंमत नाही, वरच्या धरणांनी आता पाण्याचे वेळापत्रकच बदलले आहे. तरी मला बरे वाटले.

६. चौकटीत कोण नाही ते विचारा

कागद आणि तारीख झाली की लोक थांबतात. खरी मजा पुढे आहे. हा फोटो कोणाला हवा होता?

फ्रान्समध्ये १८५१ साली सरकारी स्मारक आयोगाने पाच छायाचित्रकारांना देशभर धाडले. बाल्दुस, बायार, ल ग्रे, ल सेक आणि मेस्त्राल. कोणत्या चर्चची, कोणत्या किल्ल्याची डागडुजी करायची ते ठरवणे हे काम. पण यादी तयार झाली की 'आमच्या देशाचा वारसा' असा एक संच आपोआप उभा राहतो. आपल्याकडे ही यादी परक्यांनी केली. १८५० च्या दशकात मुंबई सरकारसाठी आधी कॅप्टन बिग्ज आणि मग डॉ. पिगू यांनी विजापूर, बदामी, ऐहोळे या भागात फोटो काढले. १८६१ मध्ये पुरातत्त्व खाते आले, १८७४ पासून पश्चिम भारताचे काम बर्जेस यांच्याकडे होते. लेणी आणि विजापूरचे घुमट त्यांना महत्त्वाचे वाटले. अठराव्या शतकातले मराठ्यांचे घाट, वाडे, देवळे त्यांच्या दृष्टीने अगदी अलीकडची होती. त्यामुळे अशा फोटोंत एक ठरीव मांडणी दिसते: ओसाड वास्तू आणि मापाला उभा केलेला एखादा माणूस. थोडा दोष लांब वेळेच्या काचांचा, चालती माणसे त्यांत उमटतच नसत. बाकीचा निवडीचा. गर्दी नसलेले देऊळ म्हणजे मालक नसलेले देऊळ, असा भास होतो.

आत्यांच्या फोटोत माणसे आहेत, अंघोळ करत आहेत, एक पोरगा कॅमेऱ्याकडे बघून हसतो आहे. हा सर्वेक्षणाचा फोटो नाही. कुणीतरी तीर्थाची आठवण म्हणून पैसे देऊन घेतलेला असावा. त्यातही काय वगळले ते जागेवर गेल्याशिवाय कळले नाही. साताऱ्याचे स्मशान माहुलीलाच. ते चौकटीत नाही. थोरल्या शाहू महाराजांची समाधीही नाही.

समाध्यांकडे कॅमेरा कधी वळला हे बघण्यासारखे आहे. १८९५ मध्ये टिळकांनी 'केसरी'तून रायगडावरच्या शिवसमाधीसाठी निधीची हाक दिली, १८९६ मध्ये गडावर उत्सव झाला. १९२० च्या दशकात जीर्णोद्धार होण्याआधीच्या फोटोत तिथे नुसता अष्टकोनी चौथरा दिसतो. तो पडका चौथरा इंग्रजाच्या अल्बममध्ये 'सुंदर भग्नावशेष' होता आणि वर्गणी देणाऱ्या माणसाच्या हातात तोच राष्ट्राचा अपमान होता. दगड तोच. म्हणून फोटोबरोबर तो कुठे डकवला होता, कोणी जपला, हेही लिहून ठेवायचे.

आमच्या जिल्ह्यातले याचे सगळ्यांत ठळक उदाहरण ३० नोव्हेंबर १९५७ चे. प्रतापगडावर पंडित नेहरूंच्या हस्ते पुतळ्याचे अनावरण झाले. समारंभाच्या फोटोत पुतळा, पाहुणे, डोंगर, राष्ट्राने शिवरायांना केलेले वंदन. त्याच दिवशी संयुक्त महाराष्ट्र समितीचे लोक पसरणी घाटात आणि पोलादपूरच्या बाजूला निदर्शनांसाठी हजारोंनी जमले होते. त्यांचा वाद पुतळ्याशी नव्हता. मुंबईसह मराठी राज्य हवे होते. तुमच्याकडे त्या दिवसाचा रस्त्यावरचा फोटो असेल आणि त्यात काळे झेंडे असतील, तर ते बहुधा खरेच काळे आहेत. तोवर फिल्म सगळे रंग ओळखू लागली होती. गडावरचा आणि घाटातला असे दोन्ही फोटो शेजारी ठेवल्याशिवाय त्या दिवसाची नोंद पुरी समजू नका.

७. जपणूक

स्कॅन ६०० डीपीआयला, टिफ फाइलमध्ये. लहान फोटो असेल तर १२०० ला. पुठ्ठा, कडा, डाग सगळे येऊ द्या, कातरू नका. स्कॅनर नसेल तर उत्तरेकडच्या खिडकीपाशी फोटो ठेवून मोबाइल अगदी समांतर धरा, फ्लॅश बंद. बाजूला एक मोजपट्टी ठेवा. मूळ फोटो आम्लरहित कागदाच्या पाकिटात, आडवा. बाजारातले चिकट पानांचे अल्बम आणि मऊ प्लास्टिक ही विषे आहेत. डांबराच्या गोळ्याही नकोत. माळ्यावर उन्हाळ्यात भट्टी आणि पावसाळ्यात ओल, त्यापेक्षा आतल्या खोलीतले लाकडी कपाट बरे.

सांगलीकरांसाठी वेगळे सांगतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा किती अल्बम चिखलात गेले त्याला गणती नाही. पुन्हा वेळ आलीच तर भिजलेले फोटो एकमेकांना चिकटून वाळू देऊ नका. जिलेटिनचे फोटो स्वच्छ थंड पाण्यात बुडवून हलके सुटे करा आणि तोंड वर करून, सावलीत, जाळीवर वाळवा. घाईत जमत नसेल तर ओलेच प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा, दोन महिन्यांनी केलेत तरी चालेल. अल्ब्युमिन आणि काचा मात्र पाण्यात बुडवायच्या नाहीत, फ्रीझरमध्येही नाहीत. सपाट ठेवून वाळवा आणि जाणकाराला गाठा.

कायद्याची धास्ती अनेकांना असते. १९११ च्या कॉपीराइट कायद्यात फोटोचा हक्क निगेटिव्ह झाल्यापासून ५० वर्षांचा होता, त्यामुळे स्वातंत्र्यापूर्वीचे घरचे फोटो इतरांना दाखवायला सहसा अडचण नाही. संग्रहालयाकडून मिळालेल्या स्कॅनला त्यांच्या अटी असतात, त्या पाळा. चांगली प्रत नगर वाचनालयाला किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेला द्या. मूळ देण्याची घाई नको. द. ब. पारसनिसांनी साताऱ्यात उभा केलेला ऐतिहासिक संग्रह शेवटी पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला, याची चुटपुट इथल्या जुन्या माणसांना अजून आहे.

पाठीवर लिहायचे ते मऊ शिसपेन्सिलीने, पुठ्ठ्याच्या कडेला, न दाबता. बॉलपेन नाही. काय दिसते, काय ठरले, कशावरून ठरले आणि घरची आठवण, हे चार भाग वेगवेगळे लिहा. घरची आठवण चुकीची ठरली म्हणून गाळू नका, ती त्या फोटोच्या आयुष्याचा भाग आहे.

आत्यांनी पेन्सिल माझ्या हातून घेतली आणि स्वतःच्या मोडीवळणाच्या अक्षरात लिहिले: "संगम माहुली. अंदाजे १८८० ते १९००. पुण्याचा फोटोवाला. निशाण काळे दिसते, रंग सांगता येत नाही. आजोबा सत्तावनचे म्हणत." थोडे थांबून त्यांनी खाली आणखी एक ओळ घातली: "हसणारा मुलगा कोण?"